गणपती पेठेतले व्हीसीआरवाले काका आणि आप्पांच्या कुस्तीच्या कॅसेटी

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आप्पांकडे, आठ व्हीएचएस कॅसेटी आहेत. १९९१ ते १९९६ मधल्या कुस्त्यांच्या. काही कुंडलच्या मैदानातल्या, काही आजूबाजूच्या गावांतल्या जत्रांच्या. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पदरचे पैसे देऊन आप्पांनी त्या काढून घेतल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात खाली छातीएवढं पाणी होतं. टीव्ही गेला, फ्रीज गेला, पोत्यातलं धान्य गेलं. कॅसेटींचा पत्र्याचा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. व्हीसीआरही त्याच्या शेजारीच जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता.

या दिवाळीला आम्ही ५५ इंची ४के टीव्ही घेतला. बसवून झाल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं, "पोरी, ह्यावर माझ्या कुस्त्या दिसतील न्हवं?" मी पटकन हो म्हणून बसले. ते हो खरं करायला दीड महिना लागला. ज्या माणसामुळे ते खरं झालं त्यांच्याबद्दल लिहायला हवं म्हणून लिहिते आहे.

दुकानाचं नाव देत नाही, कारण काकांनीच नको म्हणून सांगितलं. एकटा माणूस, गर्दी झाली तर कामाला न्याय देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गणपती पेठेत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात "व्हीसीआरवाले काका" विचारा, कुणीही जिना दाखवतं. जुन्या वाड्याचा लाकडी जिना आहे, धरायला दोर बांधलेला. वर एकच खोली.

तिथे पोचायच्या आधी दोन ठिकाणी आमचं डोकं फिरलं होतं. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने व्हीसीआरकडे बघून सरळ सांगितलं, "ह्याला एचडीएमआय नाही. हे चालणार नाही, भंगारात द्या." आप्पा समोरच बसले होते. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. उठून आत गेले, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवलेही नाहीत. मला त्या मुलाचा राग एवढ्यासाठी आला की त्याने टीव्हीची मागची बाजू नीट बघितलीच नव्हती. मागे एक बारीक भोक होतं, खाली 'एव्ही इन' लिहिलेलं. ते मलाही नंतर सापडलं.

मग मी ऑनलाइन एक वायर मागवली. ३४९ रुपये. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी अशा तीन पिना. फोटोत अगदी आपल्याला हवी तशीच दिसते. लावली, टीव्हीवर 'सिग्नल नाही'. उलटसुलट करून पाहिली, तरी तेच. ही वायर आजही सगळीकडे विकायला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. काकांनी ती हातात घेतली, दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाले, "वहिनी, पाइपात एका बाजूनं ऊस घातला म्हणून दुसऱ्या बाजूनं गूळ पडतो काय? मधी गुऱ्हाळ लागतंय." व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून चित्र विजेच्या एका अखंड लाटेसारखं येतं. एचडीएमआयच्या १९ पिनांमधून चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात जातात. एकाचं दुसरं करायला मध्ये चिप लागते आणि त्या चिपला वीज लागते. नुसत्या तांब्याच्या तारेने ते होत नाही. म्हणून खऱ्या कन्व्हर्टरला नेहमी एक डबी असते आणि त्या डबीला ५ व्होल्टची यूएसबीची वायर लावावी लागते. ज्या वायरीला डबी नाही आणि वीजही नाही, ती घेऊ नका. त्यातही 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसायला सारख्याच. जुनं यंत्र नव्या टीव्हीला जोडायचं तर पहिली. डबीवर 'इनपुट' हा शब्द तीन पिनांच्या बाजूला आहे ना, एवढं बघायचं.

मला वाटलं आता काका ती डबी विकतील. टेबलावरच पडली होती, ६५० रुपयांची. पण त्यांनी आधी टीव्हीच्या मागचा फोटो मागितला. माझ्या मोबाइलवरचा फोटो त्यांनी मोठा करून नीट पाहिला आणि ते एव्ही इनचं भोक दाखवून म्हणाले, "तुमच्या टीव्हीतच गुऱ्हाळ हाय. डबी कशाला घेताय?"

या दुकानाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे आहे. तुमच्या यंत्रांच्या मागे काय काय आहे ते पाहिल्याशिवाय हा माणूस वायर विकत नाही. मला त्यांनी परत पाठवलं आणि टीव्ही, व्हीसीआर, डीव्हीडी, सेट टॉप बॉक्स, होम थिएटरचा अँप, सगळ्यांच्या मागचे फोटो उजेडात काढून आणायला सांगितले. बाकीच्या दुकानांत मी "एचडीएमआय वायर द्या" म्हटलं की समोर वायर यायची. कुठून कुठे जोडायची, किती लांब, असं कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीतल्या हळदीच्या पेढीवरचं माझं हिशोबाचं काम आटपून संध्याकाळी गेले. सोबत व्हीसीआर नेला होता. मोबाइलच्या दुकानातून ८० रुपयांना घेतलेली एक वायरही होती, एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी. टीव्हीच्या एव्ही इनमध्ये तीच जाते असं मला वाटलं होतं. घरी लावल्यावर चित्राऐवजी नुसती घुरघुर येत होती.

काकांनी त्यांच्या दुकानातल्या छोट्या एलसीडीला ती लावली. आमच्या घरासारखंच झालं, चित्र नाही, एका स्पीकरमधून घरघर. मग त्यांनी व्हीसीआरची पिवळी पिन माझ्या वायरीच्या पिवळ्यातून काढून लाल सॉकेटमध्ये घातली आणि लाल पिवळ्यात. स्क्रीनवर लाल माती उमटली. त्या मातीत दोन माणसं एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभी. मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

ती छोटी पिन त्यांनी मला नखाने दाखवली. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, त्यामुळे धातूचे चार भाग पडतात: टोक, त्यामागच्या दोन कड्या आणि शेवटचं बूड. त्यातल्या कुठल्या भागातून चित्र न्यायचं, कुठल्यातून डावा-उजवा आवाज आणि कुठला भाग अर्थिंगचा, हे सगळ्या कंपन्यांनी एकसारखं ठेवलेलं नाही. हँडीकॅमच्या वायरीत एक क्रम, टीव्हीच्या वायरीत दुसरा. माझ्या वायरीत अर्थिंग योग्य जागी होतं, फक्त चित्र आणि उजव्या आवाजाची अदलाबदल होती, म्हणून पिना बदलून भागलं. अर्थिंगच चुकीच्या जागी असतं तर वायर टाकूनच द्यावी लागली असती. काकांनी लाल-पिवळ्या सॉकेटांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळली आणि पेनाने 'उलट लावणे' असं लिहून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "वायर तुमचीच हाय की."

मग डीव्हीडीचा विषय. आमचा प्लेअर २००७ चा, एचडीएमआय नसलेला, पण मागे पिवळ्या पिनेशिवाय हिरवी, निळी आणि लाल अशा तीन कंपोनंटच्या जागा आहेत. त्यांचा उपयोग काय हे मला कधीच कळलं नव्हतं. काकांनी माझ्या मुलीच्या गॅदरिंगची डीव्हीडी लावून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दाखवले. पिवळ्या पिनेवर तिच्या लाल नऊवारीच्या काठावर बारीक ठिपके मुंग्यांसारखे चालत होते. कंपोनंटवर काठ स्वच्छ, एकही ठिपका नाही. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात आणि त्यात काठाकाठांना चूक होते. कंपोनंटमध्ये हिरव्यातून उजेड जातो, निळ्या-लाल तारांतून रंगाची माहिती. म्हणूनच कधी घाईत पिवळी पिन हिरव्या जागेत गेली तर चित्र येतं पण काळंपांढरं. आमच्या जुन्या टीव्हीवर एकदा तसं झालं होतं आणि टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावून त्याला २०० रुपये दिले होते. त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

नव्या टीव्हीला मात्र कंपोनंटची जागाच नाही. कंपोनंटचं एचडीएमआय करणारी डबी मिळते, पण ती महाग. काकांनी त्याऐवजी त्यांच्याकडचा वापरलेला, एचडीएमआय असलेला डीव्हीडी प्लेअर ९०० रुपयांना दिला. महिन्याभरात बिघडला तर पैसे परत, असं बिलाच्या मागे लिहून. आमच्याकडे डीव्हीड्या चार-पाचच आहेत. एवढ्यासाठी ते मला पटलं.

घरी येऊन जोडणी करून द्यायचे त्यांनी ३०० रुपये घेतले. रविवारी सकाळी दहाला सांगितलं आणि साडेअकराला आले. वेळेच्या बाबतीत काका पक्के नाहीत, हे आधीच सांगते. पण आल्यावर अडीच तास शोकेसच्या मागे गुडघ्यावर बसून होते. चहा दोनदा गार झाला.

आमचा होम थिएटरचा अँप २०११ चा आहे, नवऱ्याने पहिल्या बोनसमधून घेतलेला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. वरच्या खोलीत होता म्हणून पुरातून सुटला. नवऱ्याचा आग्रह असा की सगळी यंत्रं अँपला लावायची आणि अँपमधून एकच एचडीएमआय टीव्हीला न्यायची. कुणालाही हेच सरळ वाटेल. त्याने तसं करूनही बघितलं होतं. व्हीसीआर लावला की स्पीकरमधून हलगीचा आवाज खणखणीत यायचा आणि टीव्ही काळा. काकांनी कारण सांगितलं: काही अँप पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र एचडीएमआयमध्ये बदलून पुढे पाठवतात, काही फक्त पिवळ्या पिनेवरच परत बाहेर काढतात. आमचा दुसऱ्या जातीचा. चित्र अँपच्या मागच्या 'मॉनिटर आउट'वर येत होतं, पण तिथे वायरच नव्हती.

ओटीटीच्या नव्या ४के बॉक्सची अडचण वेगळी. तो अँपमधून नेला की ४के मिळत नव्हतं. ४केच्या चित्रावर नकल होऊ नये म्हणून एक कुलूप असतं, एचडीसीपी २.२ नावाचं. रस्त्यातलं प्रत्येक यंत्र ते ओळखणारं असावं लागतं. २०११ च्या अँपच्या वेळी ते नव्हतंच. मधला एक जण अनोळखी निघाला की बॉक्स एक तर चित्र बंद करतो, नाही तर कमी तपशिलाच्या १०८०पी वर उतरतो.

तेव्हा काकांनी सगळी रचनाच उलटी केली. ४के बॉक्स आणि व्हीसीआर थेट टीव्हीला. सेट टॉप बॉक्स आणि डीव्हीडी यांना ४केची गरज नाही, ते अँपमधूनच. आणि टीव्हीचा आवाज मागे अँपकडे आणायला ऑप्टिकल वायर, कारण आमच्या अँपच्या एचडीएमआयवर एआरसी लिहिलेलं नाही. एआरसी असतं तर तीच एचडीएमआय वायर आवाज उलट्या दिशेने परत आणू शकली असती.

ऑप्टिकल लावायच्या आधी काकांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. वायरीचं एक टोक टीव्हीत घातलं, दुसरं तिच्या तळहातावर धरलं. हातावर मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका पडला. "ह्यातनं वीज न्हाई जात, उजेड जातोय." दोन्ही टोकांवर इवलीशी पारदर्शक टोपणं असतात, ती काढल्याशिवाय वायर बसत नाही, आणि जोरात कोपऱ्यात दुमडली तर आतला तंतू मोडतो. हे दोन्ही त्यांनी तिलाच सांगितलं, आणि तिनेच ती वायर लावली.

आवाज आला, पण पुढच्या दोनच स्पीकरमधून. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' वर होता, ऑप्टिकलमधून पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल. तो 'डॉल्बी डिजिटल' केला आणि बॉक्सवरचा सिनेमा पाचही स्पीकरमधून बोलायला लागला. नवऱ्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. दीड महिना तो त्या मागच्या दोन स्पीकरांना बिघडलेले समजत होता.

दुकानाची एक चूक सांगायलाच हवी. ४के बॉक्ससाठी काकांनी दिलेली २ मीटरची एचडीएमआय वायर सदोष निघाली. मधूनच पांढरे ठिपके चमकायचे आणि दोन सेकंद पडदा काळा व्हायचा. सेट टॉप बॉक्सवर तीच वायर व्यवस्थित चालत होती. फोन केला तर दुपारभर उचलला नाही (एक ते चार ते कुणाचाच फोन घेत नाहीत). संध्याकाळी मी वायर घेऊन गेले. त्यांनी वाद घातला नाही, "चूक माझी" म्हणाले आणि दुसरी दिली, 'प्रीमियम हाय स्पीड' असं छापलेलं आणि मोबाइलने स्कॅन करता येईल असं लेबल असलेली. ४के ६० फ्रेमला आणि एचडीआरला (उजेड-अंधाराचा जास्त तपशील असलेल्या चित्राला) सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती वाहून न्यावी लागते, जुन्या हाय स्पीड वायरी १०.२ गिगाबिटसाठी बनलेल्या. कमी ताणाच्या कामाला त्या चालतात, जास्त ताण आला की अशा गळतात. खोक्यावर '२.० व्हर्जन' छापलंय का हे बघू नका, ते लेबल बघा, असं त्यांचं सांगणं. किमतीतला १५० रुपयांचा फरक घेतला नाही. सोन्याचा मुलामा असलेली महागडी वायरही त्यांच्याकडे टांगलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, नेणारं नेतंय. चित्र तेवढंच दिसणार."

कॅसेटी लावायची वेळ आली तेव्हा आप्पा पहिल्यांदा नाराजच झाले. पैलवान बुटके आणि फुगलेले दिसत होते. "आमचं वस्ताद असं जाडं न्हवतं." जुनं चित्र ४:३ मापाचं, टीव्हीने ते १६:९ मध्ये ताणलं होतं. काकांनी मेन्यूत जाऊन ४:३ केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे वस्ताद आपल्या उंचीचे उभे राहिले.

चित्र अजून धारदार होईल का असं नवऱ्याने विचारलं, त्यावर काकांनी स्पष्ट नाही म्हटलं. व्हीएचएसच्या फितीवर आडव्या दिशेने साधारण २४० रेघांचाच तपशील असतो. कुठलीही वायर, कुठलाही डबा फितीत नसलेलं आणून देत नाही. उलट ५५ इंचावर ते अजून मऊ दिसतं, तेव्हा जरा लांबून बघा. आणि व्हीसीआर आता बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचं उत्पादन २०१६ च्या जुलैमध्ये थांबवलं. म्हणून यंत्र चालतंय तोवर कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, हा त्यांचा आग्रह. दर कॅसेटला २५० रुपये. मला तो जास्त वाटला नाही, कारण तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात आणि ते शेजारी बसून ट्रॅकिंग, म्हणजे फीत नीट वाचली जाऊन चित्र स्थिर येतंय ना, ते बघत असतात.

आप्पांना त्या वाड्याचा जिना चढवत नाही, हीच माझी एक खंत. त्यांना दुकान बघायची फार इच्छा आहे. त्या रविवारी तरी ते काकांना सोडायला कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि भडंगाचा पुडा हातात देऊनच परत आले. संध्याकाळी कुंडलची कॅसेट लागली. हलगी-घुमकं पाचही बाजूंनी वाजायला लागलं. खरं तर फितीवर आवाज एकाच चॅनेलचा आहे, पाच स्पीकरांत तो अँप पसरवतो, पण आप्पांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चाळिशीतले आप्पा पडद्यावर पोकळ घिस्सा हा डाव मारत होते आणि कॉटवर बसलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आप्पांचा उजवा हात त्याच वेळी आपोआप पुढे सरकत होता. तीन वेळा मागे घेऊन बघितलं.

एकूण खर्च: जोडणी ३००, डीव्हीडी प्लेअर ९००, ऑप्टिकल २२०, दोन एचडीएमआय मिळून ७५०. पाच कॅसेटी आतापर्यंत उतरल्या, त्यांचे १२५०. बिल मागितलं तर देतात, न मागता देत नाहीत. यूपीआय चालतं. सोमवारी बंद. गाडी पेठेत लावायला जागा मिळत नाही, मारुती चौकाकडे लावून चालत या.

सहाव्या आणि सातव्या कॅसेटचं काम चालू आहे. आठवीवर, कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते, पुरानंतरच्या ओलीची. तसली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. हेड पुसायला कापसाची काडीही वापरू नका, तिचे धागे हेडमध्ये अडकतात. काकांनी ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली आहे. कवच उघडून फीत हाताने स्वच्छ करायला पंधरा दिवस मागितलेत, आणि सगळी वाचेल असा शब्द दिलेला नाही. त्या कॅसेटवर आप्पांच्या अक्षरात 'भाऊ' एवढंच लिहिलेलं आहे. त्यांचे धाकटे भाऊ १९९८ मध्ये गेले.